टोलमाफी मागायची की टोलातला वाटा? २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी सल्ला हवाय

विनंती_थांबा

नमस्कार मंडळी.

मी एसटीत ३१ वर्षं वाहक होतो. आता निवृत्त आहे आणि ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. गाव सातारा जिल्ह्यातलं, पुणे-बंगळूर महामार्गाला चिकटलेलं. टोलनाका गावापासून तीन किलोमीटरवर. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत टोलचा विषय निघणार आहे आणि ठराव लिहून काढायचं काम माझ्याकडं आलंय.

गावातल्या तरुण मंडळींचं एकच म्हणणं आहे, पंचक्रोशीतल्या गाड्यांना टोल पूर्ण माफ करा. पोरं चुकीची नाहीत. आपल्याच शेतातून गेलेल्या रस्त्यावर आपल्यालाच पैसे मोजायला लागतात, हे कुणालाही टोचतंच. पण ठराव लिहायला बसलो आणि हात थांबला. वे-बिल, म्हणजे वाहकाचा तिकिटांचा हिशेब, लिहून लिहून आकडा मांडल्याशिवाय माझं समाधान होत नाही, म्हणून मी आणि शिपाई घरोघर फिरलो. उंबरे ४६०. त्यात घरची चारचाकी असलेली घरं ६३. दुचाकीला टोल नाहीच. नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला घरच्या गाडीसाठी महिन्याचा पास मिळतो, तो सध्या साडेतीनशेच्या आसपास पडतो. शिवाय १५ ऑगस्ट २०२५ पासून २०० फेऱ्यांचा वर्षाचा पासही निघालाय, सुरू झाला तेव्हा तो ३,००० रुपयांना होता. सगळ्या ६३ जणांनी महिन्याचा पास काढला असं धरलं तरी माफीमुळं गावाचे महिन्याला बावीस हजार वाचतील. तेही त्या ६३ घरांचे.

उरलेली ३९७ घरं हा रस्ता कसा वापरतात ते सांगतो. ती रस्ता ओलांडतात. पायी.

महामार्गाच्या अलीकडं गाव, पलीकडं माध्यमिक शाळा, दवाखाना आणि डेअरी. भुयारी मार्ग आहे, पण दीड किलोमीटर खाली, आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्यात गुडघाभर पाणी. म्हणून सगळी फाट्यावरूनच जातात. तिथं दुभाजकाच्या काँक्रीटची कड एका हाताच्या रुंदीत झिजून गुळगुळीत झालीय. रोज चढून चढून. पोरी आधी दप्तर पलीकडं टाकतात, मग कडेवर बसून पाय फिरवतात, मग पुढच्या तीन पदरांचा अंदाज घेत तिथंच दुभाजकाला पाठ लावून उभ्या राहतात. लहान असेल तर मोठी पोर तिला दोन्ही काखेत धरून पलीकडं उतरवते. माझी नात सहावीत आहे. पुढच्या वर्षी तीही तिथं उभी असेल.

आणि एसटीचा थांबा. रस्ता रुंद झाला तेव्हा शेड गेली ती परत आली नाही. माणसं पांढऱ्या पट्टीच्या बाहेर उभी राहून हात करतात. वाहक म्हणून मी इथं हजारदा बेल मारलीय. गाडी थांबली की मागून येणाऱ्या ट्रकचा ब्रेक ऐकू येईपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा.

आता हे बघा. राष्ट्रीय महामार्गावर एसटीलाही टोल पडतो. तो शेवटी एसटीच्याच खर्चात जातो, म्हणजे लाल गाडीत बसणारी म्हातारीही टोल भरते. तिला पास नाही आणि माफीही मिळणार नाही.

म्हणून माझ्या मनात असं आहे की माफी मागूच नये. नाक्यावर जे जमा होतं त्यातला ठरावीक वाटा नाक्याच्या आजूबाजूच्या गावांसाठी मागावा, आणि तो रस्त्यापायी जे बिघडलंय ते दुरुस्त करण्यावरच खर्च व्हावा. पूर्वी नगरपालिकांची जकात होती, १९९९ मध्ये गेली. जकातीचा जाच होता, पण नाक्यावर पावती फाडली की पैसा त्याच गावच्या तिजोरीत जायचा आणि त्याच गावची गटारं व्हायची. टोलचं तसं नाही. नाका आमच्या शिवारात, धूर आमच्या छातीत, आणि पैसा कुठं जातो ते सांगायला कुणी नाही.

असा वाटा मागता येतो का? कुणाकडं मागायचा? टक्केवारी मागावी की ठोक रक्कम? आणि मिळालाच तर तो कुणाच्या हातात असावा? ज्यांना खरोखर माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रंकाळ्याचा

काका, आम्ही कोल्हापूरकरांनी टोल घालवून दाखवलाय, म्हणून अधिकारानं लिहितो.

शहरातल्याच रस्त्यांसाठी शहराच्या वेशींवर नाके बसवले होते. एन. डी. पाटील सर आणि गोविंद पानसरे अण्णा वयाची पर्वा न करता उन्हात मोर्चाच्या पुढं चालायचे. मी तेव्हा कॉलेजात होतो. आमची आजीसुद्धा मोर्चाला आली होती, आणि तिच्याकडं गाडी काय, सायकलसुद्धा नव्हती. देणार नाही म्हणजे देणार नाही, एवढंच आमचं म्हणणं होतं. शेवटी सरकारला टोल बंद करावा लागला. पानसरे अण्णा ते बघायला राहिले नाहीत, त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचा खून झाला.

राज्याच्या अखत्यारीतले नाकेही असेच गेले. ३१ मे २०१५ च्या मध्यरात्री १२ नाके बंद झाले आणि आणखी ५३ नाक्यांवर कार, जीप आणि एसटीला माफी मिळाली. मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या गाड्यांना माफी आहे. यातलं काही अर्ज-विनंत्यांनी मिळालं असेल असं मला वाटत नाही.

माझी खरी भीती दुसरीच आहे. वाटा मागितलात की टोल मान्य केलात. आणि एकदा ग्रामपंचायतीच्या खात्यात दरवर्षी पैसे पडायला लागले की टोल कधी संपूच नये असं गावालाच वाटायला लागेल. उद्या रस्त्याचा खर्च वसूल झाला, मुदत संपली, तर नाका हटवा म्हणायला तुमच्यातलं कोण उठणार? आज जो लढायला उभा आहे त्याला भागीदार करून घेण्याचा हा सोपा मार्ग आहे. एवढा विचार करा.

विनंती_थांबा

दादा, तुमच्या आजीला माझा नमस्कार सांगा. गाडी नसताना ती मोर्चाला आली, हे वाचून बरं वाटलं.

तुमची भीती खरी आहे, मी ती खोडत नाही. फक्त दोन गोष्टी. कोल्हापूरचे रस्ते शहरातलेच होते, वापरणारी माणसंही बहुतेक तिथलीच. आमच्या फाट्यावरून जाणाऱ्या ट्रकांवर गुजरात, कर्नाटक, तामिळनाडूचे नंबर असतात. त्यांनी टोल भरावा असंच मला वाटतं. रस्ता तेच झिजवतात. दुसरं म्हणजे, टोल बंद झाला तरी पैसे कुणीतरी भरतोच. तुमच्याकडं कंपनीची भरपाई सरकारी तिजोरीतून गेली ना? म्हणजे माफी गाडीवाल्याला आणि भार सगळ्यांवर. आमच्या ३९७ घरांवरही.

पण नाका कायमचा राहावा असं गावाला वाटायला लागेल, या मुद्द्याला माझ्याकडं आत्ता उत्तर नाही.

डांबर_खडी

मी १८ वर्षं महामार्गाच्या कामांवर बिलिंग केलंय, वेगवेगळ्या ठेकेदारांकडं. काकांनी नेमका प्रश्न विचारलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाटा मागण्याआधी तुमच्या नाक्यावरचा पैसा कुणाचा आहे ते काढा. नाके सगळे एकाच प्रकारचे नसतात. रस्ता सरकारी पैशातून झाला असेल तर टोल थेट भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्राच्या तिजोरीत जमा होतो आणि तिथून अर्थसंकल्पातून महामार्ग प्राधिकरणाकडं परत येतो. रस्ता बीओटीवर, म्हणजे कंपनीनं पैसे घालून बांधलेला असेल तर करार संपेपर्यंत टोल ठेकेदार कंपनीचा. त्यातून ती बँकेचं कर्ज फेडते. २०१८ पासून तिसराही प्रकार आहे, टीओटी. त्यात तयार रस्ता वीस-तीस वर्षांसाठी कंपनीला देतात. ती सगळी रक्कम आधीच मोजते आणि मग टोल गोळा करत बसते. तिथं पुढच्या कित्येक वर्षांचा टोल सरकारनं आजच घेतलेला असतो. नुसतं ‘टोलातला वाटा द्या’ लिहिलंत तर तिन्ही ठिकाणी तुम्हाला वेगवेगळ्या दाराकडं बोट दाखवतील. माहितीच्या अधिकारात एवढंच विचारा: नाका कोणत्या पद्धतीचा, करार कधी संपतो, प्रकल्पाचा भांडवली खर्च किती, आजवर वसुली किती.

राष्ट्रीय महामार्गाची फी २००८ च्या नियमांवर चालते. दर १ एप्रिलला बदलतो, तीन टक्के ठरलेली वाढ आणि वर घाऊक किंमत निर्देशांकातल्या वाढीचा चाळीस टक्के हिस्सा. स्थानिक गावाला वाटा देण्याची तरतूद त्यात नाही. त्यामुळे तहसीलदार, जिल्हाधिकारी, पालकमंत्री, कुणीही तुम्हाला टक्केवारी देऊ शकत नाही. नियम केंद्राचा आहे, बदलायचा तर दिल्लीत. ठराव खासदारांमार्फत पाठवा, पण वर्षभरात काही होईल असं धरून चालू नका.

रंकाळ्याचा म्हणतात ते मात्र गांभीर्यानं घ्या. खर्च वसूल झाल्यावर किंवा करार संपल्यावर फी ४० टक्क्यांवर आणायची, अशी तरतूद २००८ च्या नियमांत होती. २०२३ मध्ये ती काढून टाकली. म्हणजे वाटा घ्या किंवा नका घेऊ, टोल आपोआप कमी होण्याचा रस्ता बंदच झालाय. उलट मी तर म्हणेन, जर वसुली चालूच राहणार असेल, तर खर्च फिटल्यानंतरच्या पैशावर आजूबाजूच्या गावांचा हक्क सांगायला याहून चांगली जागा नाही. तिथं कंपनीचं कर्ज उरलेलं नसतं आणि बँकही आडवी येत नाही.

आणखी एक, सहसा कुणाच्या लक्षात येत नाही ते. महिन्याच्या स्थानिक पासला नियमात एक अट आहे. सर्व्हिस रोड किंवा पर्यायी रस्ता उपलब्ध असेल तर तो पास मिळत नाही. ठरावात सर्व्हिस रोड आणि पास एकाच दमात मागितलेत तर समोरचा अधिकारी हे कलम काढून दाखवेल. तयारीनं जा.

आता वाट्याची वाट न बघता काय मिळू शकतं ते सांगतो. भुयारी मार्ग, पादचारी पूल, सर्व्हिस रोड ही कामं रस्ता सुरक्षेच्या नावाखाली होतात. ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले असतील, किंवा एकूण दहा मृत्यू झाले असतील, तर तो टप्पा अपघातप्रवण ठिकाण, म्हणजे आमच्या भाषेत ब्लॅक स्पॉट. तसं ठरलं की उपाय करणं प्राधिकरणाला टाळता येत नाही. अडचण अशी होते की गावात मिटवलेल्या अपघाताची नोंदच नसते. दुचाकीवाला घसरला, पाय मोडला, खाजगी दवाखान्यात गेला, एफआयआर नाही. कागदावर तो पाय मोडलेलाच नाही. तीन वर्षांचे एफआयआर क्रमांक, तारीख, किलोमीटर दगडाचा आकडा, एवढा तक्ता करा आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढं ठेवा. बिलं तपासताना मी शेकडो निवेदनं फाइलला लागलेली बघितलीत. ज्याला तक्ता जोडलेला असतो तेच पुढच्या टेबलावर जातं.

पोटोमॅककाठची

काका, मी मूळची कराडची. गेली चौदा वर्षं अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या शेजारी उत्तर व्हर्जिनियात राहते. तुम्ही जे मागताय त्याच्या जवळचं काहीतरी इथं चालू आहे आणि मी रोज त्यातूनच प्रवास करते, म्हणून लिहायला बसले.

आमच्याकडं आय-६६ नावाचा रस्ता वॉशिंग्टनमध्ये जातो. त्याच्या शहराजवळच्या साधारण दहा मैलांवर ४ डिसेंबर २०१७ पासून टोल लागला. सकाळी शहराकडं जाताना आणि संध्याकाळी परत येताना, तेवढ्या वेळेपुरता. गर्दी वाढली की दर वाढतो, कमी झाली की उतरतो, दर सहा मिनिटांनी बदलतो. पहिल्याच आठवड्यात तो ४० डॉलरवर गेला आणि इथं केवढा गहजब झाला. गाडीत तीन माणसं असतील तर मात्र काही लागत नाही. आधी दोन पुरायची, २०२२ च्या डिसेंबरपासून तीन.

तो टोल राज्य सरकार गोळा करतं, आणि रस्ता चालवण्याचा खर्च वजा जाता उरलेल्या पैशातून त्याच पट्ट्यातल्या कामांना रक्कम मिळते. योजनेचं नाव कम्युटर चॉइस. कोणती कामं घ्यायची ते नॉर्दर्न व्हर्जिनिया ट्रान्सपोर्टेशन कमिशन ठरवतं, त्यावर स्थानिक काउंट्यांचे, म्हणजे इथल्या जिल्ह्यांचे, निवडून आलेले लोक असतात. काउंट्या आणि बस चालवणाऱ्या संस्था अर्ज करतात, त्यांना गुण मिळतात, यादी लोकांसमोर ठेवतात आणि मग राज्याचं मंडळ मंजुरी देतं. माझी बस, फेअरफॅक्स कनेक्टरची ६९९, याच पैशातून सुरू झाली. काउंटीच्या कार्यालयाजवळच्या वाहनतळावर गाडी लावायची आणि थेट शहराच्या मध्यात उतरायचं. टोल भरणाऱ्या गाड्यांच्या शेजारून, त्यांच्याच पैशावर, आमची बस जाते. मला यात न्याय वाटतो.

यातून तुमच्या ठरावाला उपयोगी पडतील अशा काही गोष्टी.

इथली मोठी अट अशी आहे की, त्या पैशातून होणाऱ्या कामाचा फायदा टोल भरणाऱ्यांनाही झाला पाहिजे. सुरुवातीला मला हे खटकलं होतं. पण याच अटीमुळे ती योजना टिकली. बसमध्ये चाळीस माणसं बसली की रस्त्यावरच्या तेवढ्या गाड्या कमी होतात, हे टोल भरणाऱ्यालाही पटतं. तुमच्या फाट्यावरही तसंच आहे ना? पादचारी पूल झाला की पोरी वाचतातच, पण त्या ट्रकवाल्याला अचानक ब्रेक मारायला लागत नाही. एसटीला बाजूला थांबायला जागा झाली की मागची रांग मोकळी होते. ‘आमच्यावर अन्याय झाला’ हे लिहाच, पण ‘हे काम टोल भरणाऱ्याच्याही भल्याचं आहे’ हेसुद्धा लिहा. नकार देणं कठीण जाईल.

तुमचा टक्केवारी की ठोक हा प्रश्न. २०२० मध्ये करोना आला, रस्ते ओस पडले आणि आय-६६ चा टोल आटला. त्यावर उभ्या असलेल्या योजनेची ओढाताण झाली. याउलट शेजारच्या आय-३९५ वर खाजगी कंपनी टोल घेते, तिच्या करारातच वर्षाला दीड कोटी डॉलर बस-रेल्वेसाठी द्यायचे असं लिहिलंय, आणि ती रक्कम दरवर्षी अडीच टक्क्यांनी वाढते. गाड्या किती आल्या याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून मला वाटतं ठोक रक्कम आणि तिच्यात दरवर्षी ठरलेली वाढ, हे गावासाठी जास्त बरं.

आणि अशा पैशावर कुणाचा पगार लावू नका. पूल एकदा बांधला की उभा राहतो. पगार दर महिन्याला मागतो.

विनंती_थांबा

ताई, कराडचं नाव वाचून घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. स्वारगेट-कराड मी सात वर्षं केलीय. कदाचित तुम्हाला अर्धं तिकीटही मीच फाडून दिलं असेल.

टोल भरणाऱ्याचा फायदाही दाखवा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी फक्त आमचं दुःख लिहीत होतो.

डांबर_खडी साहेब, तुमचं वाचून रात्री झोप नीट लागली नाही. गेल्या तीन वर्षांत आमच्या फाट्यावर मला आठवतात असे चार मृत्यू आहेत आणि हातपाय मोडलेले तर किती. वस्तीवरचे एक आबा दुधाचा कॅन घेऊन ओलांडत होते. सकाळी सहाची वेळ, धुकं. कॅन शंभर फुटांवर सापडला. ते एक प्रकरण नोंदलेलं आहे. पण बाकीच्यांत गावानंच ‘कशाला पोलिसांचं झंझट’ म्हणून मिटवलेली बरीच आहेत. मिटवायला बसणाऱ्यांत एकदा मीही होतो. गाडीवाला भला माणूस होता, औषधपाण्याचा खर्च देऊन गेला, आम्हाला वाटलं बरं झालं. त्या कागदाची किंमत आज कळतेय.

खाणीशेजारी

मी चंद्रपूर जिल्ह्यात शिक्षिका आहे. आमच्याकडं टोलचा नाही, कोळशाचा प्रश्न. पण तुम्ही मागताय तशी तरतूद खाणींसाठी कायद्यात झालेली आहे, तिचा दाखला ठरावात जरूर द्या.

खाण कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. खाणवाल्यानं सरकारला रॉयल्टी द्यायचीच, शिवाय तिच्या काही टक्के रक्कम या प्रतिष्ठानात भरायची. जुन्या खाणपट्ट्यांना ३० टक्के, लिलावातून दिलेल्यांना १० टक्के. पैसा खाणीमुळे ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यासाठी. पाणी, आरोग्य, शिक्षण अशा गोष्टींवर किमान ६० टक्के खर्च व्हावा, असं त्याच वर्षीच्या केंद्राच्या योजनेत होतं. म्हणजे जमिनीतून काढलेल्या मालावर त्या जागेचा हक्क देशानं मान्य केलेला आहे. जमिनीवरून नेलेल्या मालावर का नसावा, हा प्रश्न तुम्ही विचारू शकता.

पण अनुभवाचं सांगते. पैसा जिल्ह्यात येणं वेगळं आणि खाणीच्या कुंपणाला लागून असलेल्या गावात येणं वेगळं. आमच्या शाळेच्या वर्गात दुपारी बाकावर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ बसते. खिडक्यांना जाळी आणि प्यायच्या पाण्याचं यंत्र, एवढंच मागणं होतं. ते यायला जी वर्षं गेली त्यात एक अख्खी तुकडी दहावी होऊन बाहेर पडली. त्याच काळात इथून कितीतरी लांब चकचकीत इमारती उभ्या राहिल्या. तेव्हा ठरावात ‘जिल्ह्यासाठी’ असा शब्द येऊ देऊ नका. अंतर लिहा. नाक्यापासून किती किलोमीटरच्या आतली गावं, आणि त्यांतही रस्त्याला लागून असलेली आधी. आणि कामाची यादी ग्रामसभेतच ठरेल, हे लिहा. एकदा यादी वर गेली की खाली येत नाही.

विनंती_थांबा

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. काल रात्री मसुदा केला, तो इथं ठेवतो. चूक असेल तर सांगा.

“ही ग्रामसभा ठराव करते की, आमच्या गावाजवळच्या नाक्यावर मालवाहू व इतर वाहनांकडून टोल घेण्यास या गावाची हरकत नाही. परंतु ज्या रस्त्यामुळे तो गोळा होतो त्या रस्त्याने गावाचे दोन भाग केले आहेत. ते जोडण्याचा खर्च त्याच पैशातून झाला पाहिजे. याकरिता नाक्यापासून दहा किलोमीटरच्या आतील, महामार्गास लागून असलेल्या गावांसाठी दरवर्षी एक ठरलेली व दरवर्षी वाढणारी रक्कम नियमात बदल करून राखून ठेवावी. तिचा विनियोग पायी रस्ता ओलांडण्याची सोय, एसटीसाठी मुख्य मार्गापासून बाजूला घेतलेला थांबा व निवारा, आणि भुयारी मार्गातील पाण्याचा निचरा यांवर प्रथम व्हावा. यामुळे महामार्गावरील वाहनांचा वेग व सुरक्षितता वाढून टोल भरणाऱ्यासही लाभ होईल. या रकमेतून पगार, मानधन, समारंभ, कमानी व वाहनखरेदी करू नये. कामांची यादी ग्रामसभेत ठरेल व प्रत्येक कामाचा फलक टोलनाक्यावर लावला जाईल. जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचे उदाहरण शासनासमोर आहे.”

फलकाचं माझ्या मनातलं आहे. जो पैसे देतो त्याला नाक्यावर थांबल्या थांबल्या वाचता यावं की या महिन्यात इथल्या पैशातून अमुक गावची पायवाट झाली. फास्टॅगमुळं आता गाडी थांबत नाही म्हणा, पण रांग असते तेव्हा वाचतील.

माफी मी लिहिलेली नाही. तरुण मंडळींशी काल पारावर दोन तास बोललो. दोघे-तिघे रागावून उठून गेले. एकानं विचारलं, ‘नाना, तुमच्याकडं गाडी नाही म्हणून तुम्हाला सुचतंय का हे?’ मी म्हटलं, हो, म्हणूनच. ज्यांच्याकडं नाही त्यांच्या बाजूनं कुणीतरी लिहायला नको का? तो गप्प बसला, पण पटलं असं नाही. ग्रामसभेत हात वर होतील तेव्हा कळेल.

सर्व्हिस रोडही मुद्दाम घातला नाही. डांबर_खडी साहेबांनी सांगितलेल्या अटीमुळं त्या ६३ घरांचा पास अडकायला नको.

रंकाळ्याचा

नाना, मसुदा चांगला झालाय, आणि मी माघार घेत नाही, तरीही म्हणतो. फक्त पहिल्याच वाक्यात ‘हरकत नाही’ असं मोकळं सोडू नका. त्याच्यापुढं ‘करार संपेपर्यंत’ घाला. आणि शेवटी एक ओळ वाढवा, की या नाक्याचा भांडवली खर्च, आजवरची वसुली आणि मुदत संपण्याची तारीख दरवर्षीच्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढं लेखी यावी. म्हणजे वाटा घेणाऱ्या गावाला तारीख विसरता येणार नाही.

विनंती_थांबा

दोन्ही घातलं. ज्या मुद्द्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं ते तुम्हीच दिलंत, दादा.

पोलीस ठाण्यात एफआयआरची यादी मागायचा अर्ज आज दिला. हवालदार ओळखीचे निघाले, सोमवारी या म्हणाले. उद्या सकाळी साडेसहा ते आठ फाट्यावर बसणार आहे, जुनी पत्र्याची पेटी आणि वही घेऊन. किती माणसं दुभाजक ओलांडतात ते पंधरा-पंधरा मिनिटांनी लिहायचं, पोरं वेगळी, म्हातारी वेगळी, डोक्यावर ओझं असलेली वेगळी. नात म्हणाली मी पण येते मोजायला. तिला सांगितलंय, अलीकडच्याच बाजूला बसायचं.